कारागिराच्या हातून झालेले नुकसान

दुरुस्तीच्या धंद्यात मिळकत आणि जोखीम यांचे प्रमाण मोठे व्यस्त असते. संगणक उघडून त्यातील बिघाड काढणाऱ्या तंत्रज्ञाला एका कामाचे काहीशे रुपये मिळावेत; परंतु ज्या वस्तूला तो हात घालतो तिची किंमत पन्नास हजारांची असू शकते, आणि ती एखाद्या इस्पितळातील यंत्र असली तर कित्येक लाखांची. स्क्रू-ड्रायव्हर निसटला किंवा तार उलटी जोडली गेली, की वर्षाची कमाई एका क्षणात पणाला लागते. हे नुकसान कोणी सोसावयाचे?

हा प्रश्न नवा नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चे चौथे अधिकरण कारागिरांपासून लोकांचे रक्षण कसे करावे याच विषयाने सुरू होते. आकस्मिक आपत्ती वगळता, हरवलेल्या वा बिघडलेल्या मालाची भरपाई कारागिराने करावी, असा तेथे नियम आहे. परटाने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर धुवावेत. अन्यत्र धुतल्याने वस्त्राची हानी झाली, तर ती भरून द्यावी आणि वर सहा पण दंड द्यावा. दैवाने ओढवलेली हानी निराळी आणि योग्य साधन टाळल्याने झालेली हानी निराळी, हा विवेक त्यामागे आहे.

आजचा कायदाही याच वाटेने जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य समजूतदार मनुष्य तशाच स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे. तितकी काळजी घेतली असेल, तर वेगळा करार नसल्यास, झालेल्या नुकसानीस तो जबाबदार नाही, असे कलम १५२ सांगते. मात्र काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार त्याच्यावरच पडतो. शिवाय मोबदला देऊन घेतलेल्या सेवेत उणीव राहिल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहकाला आयोगाकडे दाद मागता येते.

काळजी म्हणजे काय, हे ठरविणे मात्र कठीण होत चालले आहे. माणसाच्या अंगावर साठलेली स्थिर वीज दोन-तीन हजार व्होल्टपर्यंत असली तरी तिचा झटका सहसा त्याला जाणवत नाही. उलट काही नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग शंभराहून कमी व्होल्टनेही निकामी होतात. ना ठिणगी दिसते, ना आवाज होतो. म्हणूनच असे काम करताना मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधावयाचा असतो. कौटिल्याच्या परटाची गुळगुळीत शिळा ती हीच, असे म्हणावयास हरकत नाही.

एवढे करूनही चूक होतेच, आणि तेथे दायित्वाच्या विम्याचे प्रयोजन येते. अनेकांनी थोडे थोडे हप्ते भरावेत आणि त्यातून एकाचे संकट निवारावे, हे त्याचे साधे तत्त्व. तथापि एक मेख ध्यानात ठेवावयास हवी. सार्वजनिक दायित्वाचे सर्वसाधारण विमापत्र रस्त्यावरच्या त्रयस्थाला झालेल्या इजेची वा त्याच्या मालाच्या हानीची भरपाई करते. परंतु विमेदाराच्या स्वतःच्या ताब्यात असलेली परक्याची वस्तू त्यातून बहुधा वगळलेली असते. म्हणजे दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर फळी पडली तर विमा आहे, आणि टेबलावरचा त्याचा संगणक जळाला तर नाही! नेमका हाच धोका अंतर्भूत आहे काय, संगणकातील नष्ट झालेल्या माहितीचे काय, आणि प्रत्येक दाव्यात प्रथम किती रक्कम स्वतः सोसावयाची, हे तीन प्रश्न हप्ता भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावेत.

आणखी एक अट विमापत्रात सामान्यतः असते: कंपनीच्या संमतीवाचून विमेदाराने दायित्व कबूल करू नये. याचा अर्थ घडलेले लपवावे असा मात्र नव्हे. काम करताना यंत्र बंद पडले ही वस्तुस्थिती सांगणे वेगळे, आणि सर्व भरपाई माझ्याकडे लागली असे लिहून देणे वेगळे. पहिले गिऱ्हाइकाला आणि कंपनीला तत्काळ कळवावयाचे. दुसऱ्याचा निर्णय चौकशीनंतर.

विमा नसलेल्या गरीब कारागिरापुढे भरपाईचा आकडा उभा राहिला, की वस्तू आधीच बिघडलेली होती असे म्हणण्याचा मोह त्याला होतो. त्या एका असत्याने गिऱ्हाईकही जाते आणि धंद्याची अब्रूही. वर्षाचा हप्ता हा म्हणून केवळ पैशाच्या रक्षणासाठी नसतो. खरे बोलणे कारागिराला परवडावे, यासाठीही तो असतो. पण तो मनगटावरच्या पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. वस्तू घेताना तिची अवस्था गिऱ्हाइकासमक्ष पावतीवर लिहावी, योग्य साधनांनी काम करावे, आणि त्यानंतरही जे अटळ असेल तेवढेच विम्यावर सोपवावे.