काळा देव चालतो, काळी सून का चालत नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी एका जुन्या तमिळ चित्रपटाबद्दल बोलणार आहे. ‘नानुम् ओरु पेण्’, म्हणजे ‘मीही एक स्त्री’. १९६३ साली ए. सी. तिरुलोकचंदर यांनी दिग्दर्शित केलेला, ए.व्ही.एम.ने काढलेला हा चित्रपट. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तमिळमधला उत्कृष्ट चित्रपट ठरला. १९६४ मध्ये त्याच दिग्दर्शकाने तो हिंदीत ‘मैं भी लडकी हूँ’ या नावाने केला. मीनाकुमारी आणि धर्मेंद्रचा. तुमच्यापैकी काहींच्या आयांनी तो पाहिलाही असेल.

गोष्ट साधी आहे. कल्याणी काळी आहे, शिकलेली नाही, म्हणून तिचं लग्न जमत नाही. ती जमीनदाराच्या घरात सून म्हणून जाते, पण सासऱ्याला काळी सून नको आहे. चित्रपटात पी. सुशीला यांनी गायलेलं एक गाणं आहे. त्यात कल्याणी कृष्णाला विचारते, की तूही काळाच, मग तुला लोक पूजतात आणि मला का नाकारतात? हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपला विठोबाही काळा. त्याच्या पायावर डोकं ठेवायला आपण मैलोन्मैल चालत जातो आणि घरी येऊन मुलासाठी गोरी मुलगी शोधतो.

हा प्रश्न पडद्यावर विचारला गेला, हे मोठंच काम झालं. पण उत्तर काय मिळालं? कल्याणी राबते, सोसते, सगळ्यांची सेवा करते, आणि शेवटी तिला मान मिळतो. म्हणजे काळ्या बाईने आपल्या रंगाची भरपाई करायची! गोऱ्या सुनेला जे पहिल्या दिवशी मिळतं, ते हिने चांगुलपणाने कमवायचं. आणि जी कल्याणीइतकी सोशिक नसेल, उलटून बोलेल, तिचं काय? शिवाय ही भूमिका करणाऱ्या विजयकुमारी काय किंवा मीनाकुमारी काय, दोघींना त्यासाठी काळा रंग लावावा लागला. मुळात सावळ्या असलेल्या बाईला नायिकेचं काम मिळालंच नाही.

हे तमिळनाडूत घडलं, याचा विचार करा. तिथे द्रविड चळवळीने काळा रंग अभिमानाने मिरवला. पेरियारांच्या कार्यकर्त्यांचा सदरा काळा, झेंडा काळा, त्यात लाल वर्तुळ. या चित्रपटाचा नायक एस. एस. राजेंद्रन हा १९६२ मध्ये द्रमुकतर्फे आमदार म्हणून निवडून आला होता. सभेत काळा रंग स्वाभिमानाचा झाला, पण लग्नाच्या बाजारात त्याची किंमत वाढली नाही. चळवळी घराच्या उंबऱ्यापाशी कशा थांबतात, हे आपण बायकांनी वेगळं सांगायला नको.

१९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम सुरू केली. २०२० मध्ये कंपनीने क्रीमच्या नावातला ‘फेअर’ काढून तिथे ‘ग्लो’ घातला. नाव बदललं. मुलगी पाहायला येणाऱ्यांची नजर बदलली का?

आमच्या सल्लाकेंद्रात बाई मारहाणीची तक्रार घेऊन येते. रंगाचं सांगतच नाही. चार भेटी झाल्यावर हळूच म्हणते, “पहिल्या दिवसापासून काळी म्हणतात. पण त्याची काय तक्रार करायची, ताई?” ‘काळी’ म्हणून हुंडा जास्त मागितलेला असतो, फोटोत मागे उभं केलेलं असतं, मुलगी सावळी झाली म्हणून आईलाच बोल लावलेला असतो. हे सगळं ती ‘तक्रार’ या शब्दात बसवत नाही.

कायदा इथे काय म्हणतो, ते नीट समजून घेऊ. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या खटल्यात पतीला निर्दोष सोडलं. रंगावरून आणि स्वयंपाकावरून टोमणे मारणं हे घरगुती भांडण आहे, ४९८-अ खाली शिक्षा व्हावी इतका तो छळ नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे फौजदारी कलमाखाली नुसत्या टोमण्यांवर भिस्त ठेवता येणार नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम ३ आहे. त्यात अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं यांना शाब्दिक आणि भावनिक छळ म्हटलेलं आहे. त्याआधारे संरक्षणाचा आदेश मागता येतो. तेव्हा बाईची हकिगत लिहून घेताना रंगाबद्दल स्वतःहून विचारा. काय शब्द वापरले, कोणी, कोणासमोर, केव्हा, हे तिच्याच शब्दांत लिहा. मारहाणीच्या ओळीखाली ते दडपू नका.

आणि आपल्या गटात हा चित्रपट दाखवता आला तर जरूर दाखवा. नंतर बायकांना एकच विचारा: कल्याणीने काहीच सेवा केली नसती, तर तिला त्या घरात राहायचा हक्क होता की नव्हता? या प्रश्नावर बायका बोलायला लागल्या, की मध्ये बोलू नका. ऐका.