भजनाची साथ आणि गावाचे काम
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला साधा कारकून. विद्वानांसारखे बोलणे मला जमत नाही. पण वीस वर्षे आपल्या भजनी मंडळात टाळ धरला, तेवढ्या अधिकारावर दोन शब्द बोलतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) खंजिरी घेऊन भजन म्हणू लागले की सारा समाज त्यांच्यामागे म्हणत असे. पुढची ओळ त्यांची, धृपद मात्र सर्वांचे. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांतून त्यांनी गावाला हीच एकजुटीची वाट दाखविली.

आपले मंडळच पाहा. मृदंगवाला डाव्या तोंडाला ओली कणीक लावतो, उजवी बाजू ठोकून पेटीच्या सुरात आणतो. तोवर सारे थांबतात. बुवा श्वास घेतात तेव्हा झीलकरी ओळ उचलतात. एका एकादशीला मीच जोरात टाळ वाजविला आणि लय पळाली. बुवा रागावले नाहीत, भजनही थांबविले नाही. आपला आवाज खाली आणून त्यांनी मला मृदंगाकडे पाहण्याची खूण केली. मी हात आवरला, लय जागेवर आली.

बंधूंनो, या मंदिराच्या कामातही आपली लय चुकली होती. देणगीदारांच्या फरशीवर कुणाचे नाव आधी, यावरून दीड महिना काम बंद पडले. शिखर उघडे, पावसाळा तोंडावर, रोवणी लागली की मजूर मिळणार नाहीत. हिशेबाची वही माझ्याकडे होती, पण मीही एका बाजूचा होऊन बसलो होतो. ही माझी चूक मी आज कबूल करतो. शेवटी अध्यक्षांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेतले आणि स्वतःचे नाव सर्वांत खाली घालायला सांगितले. बाकीची नावे पावतीबुकाच्या क्रमाने लागली. पायलीभर तांदूळ देणारी माउलीही त्यात आली, श्रमदान करणारेही आले. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री कामावर चढला.

मंदिर उभे झाले. आता दिवाबत्ती, सालोसाल हिशेब आणि गुरुवारचे भजन चालू ठेवणे आपल्या हाती आहे. जुन्यांनी नव्या पोरांच्या हाती टाळ द्यावा, चुकले तर बुवांसारखी खूण करावी.

 जय गुरुदेव!