बाळाचा खुबा

गडबच्या मायबहिणींनो आणि गुरुजी,

वर्गात एखादी मुलगी डुलत, लंगडत चालते. लोक म्हणतात, पडली असेल. कधी कधी तिचा खुबा तान्हेपणीच निसटलेला असतो.

मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीत बसतो. काही बाळांची वाटी उथळ असते; मुलींत आणि पायाळू बाळांत हे अधिक. त्यात आपण न्हाऊ घातल्यावर पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधतो. पाय वाकडे होऊ नयेत म्हणून हो! पण त्यानेच माथा निसटतो. कडेवर मूल घेतो तसे पाय फाकलेले बरे.

बाळाला दुखत नाही, म्हणून ते रडत नाही. लंगोट बदलताना पाहा, एक मांडी कमी फाकते का? एक पाय आखूड दिसतो का? आशाताईंना सांगा, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे.

सहा महिन्यांच्या आत कळले, तर बहुधा शस्त्रक्रिया टळते. चेक डॉक्टर आर्नोल्ड पावलिक यांनी शोधलेले मऊ पट्टे पाय बेडकासारखे दुमडून धरतात. माथा जागी राहिला की वाटी हळूहळू खोल होते. काही आठवडे लागतात. आजीला दया आली तरी पट्टे घरी सोडू नका, आणि सुईणीकडून पाय ओढून घेऊ नका.