परीक्षानळी आणि फुप्फुस

१९२१ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पडशाने बेजार झालेल्या स्वतःच्याच नाकातील स्राव जंतूंच्या वाढीवर घातला, आणि ते जंतू विरघळून गेले. स्रावातील या प्रथिनाला लायसोझाइम असे नाव मिळाले. पुढे १९२८ साली पेनिसिलीन सापडले व त्याच्या कीर्तीपुढे लायसोझाइम मागे पडले. ते स्वाभाविकही होते. भयंकर रोगजंतूंपैकी पुष्कळांवर त्याची मात्रा चालत नाही. परंतु श्वासमार्गात शरीराची स्वतःची जंतुघ्न प्रथिने असतात, ही गोष्ट त्यामुळे सिद्ध झाली.

ही प्रथिने आणि बाहेरून दिलेले प्रतिजैविक यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. मांसाचा अर्क व दुधातील केसीन यांपासून केलेल्या पोषक द्रवात जंतू वाढवावयाचे, त्यात औषध घालावयाचे, आणि वाढ थांबली तर औषध लागू, अशी ही परीक्षेची रूढ रीत. त्या द्रवात रुग्णाचे रक्त नसते, कफ नसतो, संरक्षक प्रथिने तर नसतातच.

रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन सेफ्ट्रायॅक्सोनसारख्या औषधाचा ८५ ते ९५ टक्के भाग धरून ठेवते. जंतूशी सामना करतो तो उरलेला सुटा भाग. डॅप्टोमायसिनची कथा याहून विलक्षण आहे. न्यूमोनियाचे जंतू परीक्षानळीत मारणारे हे औषध न्यूमोनियाच्या रुग्णांत अपुरे पडले. फुप्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आत मेद व प्रथिने यांचा एक पातळ थर असतो. त्यातील मेदच औषधाला अडकवून निष्प्रभ करतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

उलट प्रकारही घडतो. असिनेटोबॅक्टर हा जंतू भारतातीलही अतिदक्षता विभागांची मोठी डोकेदुखी आहे. रूढ परीक्षेत त्याच्यावर अझिथ्रोमायसिनचा प्रभाव दिसत नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ साली परीक्षेचा द्रवच बदलला आणि त्यात एलएल-३७ हा मानवी शरीरातील सदतीस अमिनो आम्लांचा प्रथिनखंड मिसळला. त्याने जंतूचे बाह्य आवरण सैल केले, औषध आत शिरले व जंतू मेले. न्यूमोनिया झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांतही या औषधाने जंतूंची संख्या घटली. मनुष्याच्या बाबतीत एवढ्यावरून निर्णय देणे घाईचे ठरेल. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला अहवालातील 'लागू नाही' हे शब्द तूर्त मानावेच लागतात.