नवें बी आणि गांवचें मत

शहरांत नव्या शोधाची वार्ता आली, म्हणजे ती आधीं छापली जाते आणि मग तिच्याविषयीं मतें बनतात. खेड्यांत हा क्रम बहुधा उलटा असतो. तेथें मत आधीं पोंचतें, वार्ता मागाहून येते. मृग लागण्याच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवड्याच्या किंवा दारव्ह्याच्या बाजारांत जावें. कृषि सेवा केंद्राच्या फळीपुढें, चहाच्या टपरीवर, एस. टी. ची वाट पाहणाऱ्या माणसांत एकच विषय चाललेला असतो : यंदा वावरांत कोणतें वाण लावावयाचें? एक जण सांगतो, अमक्या थैलीचें बोंड टपोरें येतें. दुसरा त्याला विचारतो, "पन वेचाले मजूर कोठून आनशीन भाऊ?" तिसऱ्याचा मेहुणा वणीकडे असतो, त्याच्या शेजाऱ्यानें गेल्या वर्षीं काय लावलें आणि त्याला काय उतारा पडला, हें तो तपशीलवार सांगतो.

हीं मतें हंसण्यावारी नेण्यासारखीं नाहींत. चुकीच्या मताची किंमत ज्याला वर्षाच्या मिळकतीनें द्यावी लागते, तो मनुष्य आपलें मत जपूनच बनवितो. असें असूनहि इसवी सन २००२ नंतर या जिल्ह्यानें नव्या तंत्राच्या पायीं जें भोगलें, तें पाहतां एवढें म्हणणें भाग आहे कीं, या सर्व चर्चेंत एक प्रश्न मागें राहिला. तो केवळ खेडुतांकडूनच राहिला असें नव्हे. व्यापारी, सरकार आणि वर्तमानपत्रें यांनींहि तो जितक्या मोठ्यानें विचारावयास हवा होता, तितक्या मोठ्यानें विचारला नाहीं.

नवलाईची वस्तु या जिल्ह्याला अपरिचित नाहीं. १९०५ पर्यंत वणीच्या नांवानें ओळखला जाणारा हा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. त्या कापसासाठींच मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत एका इंग्रज कंपनीनें अरुंद मापाचे रूळ घातले. लोकांनीं त्या गाडीला 'शकुंतला' असें लाडकें नांव दिलें. मँचेस्टरला बनलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवत होतें. पुढें ती गाडीहि बंद पडली. आगगाडीप्रमाणेंच सरकी काढणारे जीन आले, गांठी बांधणारे प्रेस आले. या यंत्रांच्या बाबतींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांचें ज्ञान असलेला मनुष्य त्यांच्याबरोबरच येत असे. इंजिनाबरोबर ड्रायव्हर आला, जीनबरोबर मिस्त्री आला. शेतकऱ्याला त्या यंत्राचें मर्म कळो वा न कळो, त्याचें त्यावांचून अडत नसे.

बियाण्याचें तसें नव्हतें. तें शेतकऱ्याच्या घरचेंच. चांगल्या झाडाची बोंडें निराळीं काढणें, सरकी राखून ठेवणें, पेरणीच्या वेळीं ती शेणमातींत चोळून मोकळी करणें, हें सर्व ज्ञान घरांतच होतें. १९७० सालीं सुरत येथें डॉ. सी. टी. पटेल यांनीं 'एच-४' हें कापसाचें संकरित वाण दिलें. व्यापारी लागवडीसाठीं निघालेलें हें जगांतील पहिलें संकरित कापसाचें वाण होय. भारतीय संशोधनाला भूषणावह अशीच ही गोष्ट होती. परंतु संकरित वाणाची सरकी पुढील वर्षीं तोच गुण देत नाहीं. म्हणून बी दरवर्षीं विकत घेणें आलें. अशा रीतीनें बियाणें घरांतून दुकानांत गेलें आणि त्याचें ज्ञान त्याहूनहि दूर, प्रयोगशाळेंत जाऊन बसलें. या नव्या वस्तूबरोबर मिस्त्री मात्र आला नाहीं. दुकानदार जें सांगेल, तेवढेंच ज्ञान शेतकऱ्याच्या पदरीं पडूं लागलें.

अशा स्थितींत बीटी कापूस आला. मातींत आढळणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचें विष अळ्यांना मारतें, हें फार पूर्वींच ज्ञात झालेलें होतें. जपानांत इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांच्या रोगांत हा जंतु १९०१ सालीं आढळला, आणि जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतावरून त्याला १९१५ सालीं बर्लिनर यांनीं नांव दिलें. त्या जंतूचें विष घडविणारें जनुक कापसाच्या झाडांत उतरविण्याची करामत अमेरिकेंत साधली, आणि तेथें १९९६ पासून असा कापूस पेरला जाऊं लागला. भारतांत त्याला २६ मार्च २००२ रोजीं परवानगी मिळाली. पण तत्पूर्वींच, २००१ सालीं, गुजरातेंतील शेतांत तो परवानगीशिवाय उभा असलेला आढळला होता!

लागलीच मतांचे दोन तट पडले. एक पक्ष म्हणूं लागला कीं, आतां फवारणी संपली. दुसरा म्हणूं लागला कीं, हें बी जमिनीचें वाटोळें करील. पहिल्यानें दुसऱ्याला मागासलेला म्हणावें, दुसऱ्यानें पहिल्याला कंपनीचा दलाल म्हणावें, असा प्रकार कित्येक वर्षें चालला. दरम्यान शेतकऱ्यानें आपला निर्णय केला. हिरव्या बोंडअळीचा उपद्रव खरोखरीच आटोक्यांत आला, आणि दहा-बारा वर्षांत देशांतील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. बाजारांत हजाराहून अधिक नांवांचीं वाणें आलीं. वादाचा निकाल लागला असें सर्वांना वाटलें.

पण थैलीच्या आंत आणखी एक वस्तु होती. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या, बिनबीटी बियाण्याची एक लहान पुडी दिलेली असे. शेताच्या कडेनें पांच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल, तेवढ्या जागेंत हें साधें बी लावावें, असा नियम होता. त्यामागचें शास्त्र समजावयास कठीण नाहीं. लाखों अळ्यांत एखादी अशी निघते, जिला हें विष बाधत नाहीं. तिचा पतंग झाल्यावर त्याला आपल्यासारखाच दुसरा पतंग भेटला, तर पुढची पिढी सगळीच विष पचविणारी होते. उलट, शेजारच्या साध्या पऱ्हाटीवर वाढलेले पुष्कळ साधे पतंग आसपास असले, तर त्यांच्याशीं मिलन होऊन होणारी संतति बीटीच्या झाडावर मरते. म्हणजे ती लहान पुडी हीच मोठ्या थैलीची राखण होती.

ही पुडी कोठें गेली? कित्येकांनीं ती बांधावर टाकली, कित्येकांनीं दुकानांतच सोडली. त्यांना अडाणी म्हणणें सोपें आहे. परंतु ज्याची सारी जमीन पांच एकर आणि तीहि कोरडवाहू, त्याला "एक एकर अळीला खाऊं दे" असें सांगावयाचें, तर त्याचें कारण कोणीतरी त्याच्या बांधावर बसून समजावून द्यावयास हवें होतें. कारण सांगितलें गेलें नाहीं. पुडी मात्र दिली गेली. कांहीं पुड्यांतील बियाण्याची उगवणहि धड नसल्याचें तपासण्यांत आढळलें. कायद्याचें कलम पुरें झालें, आणि शास्त्र थैलींतच राहिलें.

परिणाम हळूहळू दिसूं लागला. २००६ सालीं दोन जनुकांचें सुधारलेलें बी आलें. २०१० सालीं गुजरातेंतील चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानीनाशी झाल्याचें जाहीर झालें. पुढें कांहीं वर्षांत ती दुसऱ्यालाहि जुमानीना. इकडे विदर्भांत दिवाळीनंतर पाणी देऊन पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवण्याची, म्हणजे फरदड घेण्याची, पद्धत वाढली होती. अळीला त्यामुळें बारमाही खाद्य मिळालें. २०१७ च्या हंगामांत यवतमाळच्या शेतांतून डोमकळ्या दिसूं लागल्या. बोंड बाहेरून निरोगी दिसावें आणि फोडतांच आंत किडकी कवडी निघावी, असें वावरामागून वावर झालें.

याच अळीची दुसरी हकीकत येथेंच सांगणें युक्त होईल. अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांतांत तेंच तंत्र, तोच शत्रु. तेथें शेतकऱ्यांनीं सुमारें दहा वर्षें साध्या कापसाचे पट्टे राखले. हंगाम संपतांच पऱ्हाट्या नष्ट केल्या. आणि २००६ पासून विमानांतून वंध्य पतंग सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्यें त्या देशाच्या कृषिखात्यानें जाहीर केलें कीं, गुलाबी बोंडअळी तेथील कापूसपट्ट्यांतून नाहींशी झाली. यवतमाळची हानि आणि अ‍ॅरिझोनाचें यश यांत जेमतेम एका वर्षाचें अंतर आहे. तेथील शेती मोठी, पाण्याची सोय चांगली आणि संघटना बळकट, हें मान्य करूनहि मुख्य फरक दृष्टीआड करतां येत नाहीं. एके ठिकाणीं वस्तु आणि तिची अट दोन्ही शेतांत उतरलीं. दुसऱ्या ठिकाणीं वस्तु तेवढी उतरली.

२०१७ च्या त्याच हंगामांत याहून दारुण गोष्ट घडली. बीटीचें विष बोंडअळीसाठीं आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा कांहीं इलाज नाहीं. म्हणून फवारणी संपलेली नव्हतीच. त्या वर्षीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट आणि उष्ण होती. फवारणाऱ्यानें नळी वर धरावी आणि तुषार त्याच्याच तोंडावर उतरावे! दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची रीत पडली होती, आणि नव्या यंत्रपंपांचा तुषार फार बारीक होता. मळमळ, घाम, डोळ्यांपुढें अंधारी, श्वास कोंडणें अशा तक्रारी घेऊन माणसें यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत येऊं लागलीं. जिल्ह्यांत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले; आठशेंच्या आसपास माणसांना बाधा झाली.

औषधाच्या प्रत्येक बाटलीवर कायद्यानें एक रंगीत खूण असते : तांबडी सर्वांत जहाल विषाची, मग पिवळी, निळी आणि हिरवी. निरक्षरालाहि कळावी अशीच ही योजना आहे. पण मजुरीनें फवारणाऱ्याच्या हातीं बाटली येत नाहीं; त्याच्या हातीं कालवलेली बादली येते, आणि बादलीवर खूण नसते. हातमोजे व मुखपट्टी घाला म्हणावें, तर दुपारच्या उकाड्यांत तोंडाला फडकें बांधणेंहि जिवावर येतें, आणि अमुक इतके पंप मारले तर अमुक इतकी मजुरी, असा हिशेब असतो. औषध एकानें बनविलें, दुसऱ्यानें विकलें, तिसऱ्यानें विकत घेतलें, चौथ्यानें फवारलें. सूचनेचा कागद तिसऱ्याच्या पुढें गेलाच नाहीं.

या दुर्घटनेवरहि मतें झाली. कोणी कंपन्यांना दोष दिला, कोणी दुकानदारांना, कोणी सरकारला, आणि कोणी मेलेल्यांच्याच निष्काळजीपणाला. सरकारनें विशेष चौकशी-पथक नेमलें. पुढील वर्षीं कामगंध सांपळ्यांची आणि फरदड न घेण्याची मोहीम निघाली. साधें बी निराळ्या पुडींत न देतां बीटी बियाण्यांतच मिसळून देण्याची पद्धतहि आली. ही सुधारणा बोधप्रद आहे : जी अट वस्तूंतच बांधून देतां येते, ती माणसाच्या स्मरणावर सोडूं नये.

वाद मात्र संपले नाहींत. जून २०१९ मध्यें अकोला जिल्ह्यांत अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेच्या लोकांनीं तणनाशकाला दाद न देणारें, परवानगी नसलेलें कापसाचें बी उघडपणें पेरलें. जगाला जें तंत्र मिळतें तें आम्हांला कां नाहीं, हा त्यांचा सवाल होता. आणि निंदणाला मजूर न मिळणाऱ्या माणसाच्या तोंडीं तो सवाल खोटा नाहीं. पण त्याच्या जोडीला दुसरा सवालहि हवा. तणनाशक कोण मारणार? वाऱ्यानें तें शेजारच्या तुरीवर गेलें तर काय? निंदणाच्या मजुरीवर जगणाऱ्या बायांनीं कोठें जावें? ज्या बियाण्याला कायद्याची मान्यताच नाहीं, तें फसलें तर दाद कोणाकडे मागावयाची?

वर ज्या प्रश्नाचा उल्लेख केला, तो हाच. नवें तंत्र चांगलें कीं वाईट, एवढ्यावर थांबणारें मत अपुरें आहे, मग तें टपरीवरचें असो कीं अग्रलेखांतलें. ही वस्तु कोणत्या अटीवर चालते, आणि ती अट पाळण्याचें ओझें कोणाच्या अंगावर पडणार आहे, हें विचारल्यावांचून मत पुरें होत नाहीं. २०२३ सालीं केंद्र सरकारनें महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. विषाची टांकी पाठीवरून उतरली, तर ती मोठीच सुटका होय. तरीहि औषध कालविण्यास बांधावर कोणीतरी बसणारच, वाऱ्याची दिशा कोणीतरी पाहावयाची असणारच, शेजारच्या विहिरीवर पाणी भरणारें कोणीतरी असणारच. त्या माणसांना आधीं सांगितलें आहे काय, हें पुढच्या पेरणीपूर्वीं प्रत्येक गांवानें विचारावें. आणि विकणाऱ्यानें त्याचें उत्तर, कागदावर नव्हे, तर त्या बांधावर येऊन द्यावें.