जाता जाता ओळख देणारे पाहुणे



निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजी अमदानीत बांधला गेला, तो कालव्यांना पाणी मिळावे म्हणून. पाखरांचा विचार त्या योजनेत असण्याचे कारणच नव्हते. परंतु दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षे लोटून आणलेल्या गाळाने जलाशय उथळ झाला, बेटे वर आली, पाणकणसाची बने माजली, आणि पाणीसाठ्याच्या हिशेबी जी तूट तीच पाणपक्ष्यांचे वतन ठरली. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी, म्हणून जाहीर होण्याचा मानही याच जागेला मिळाला.

हिवाळ्यात तेथे लागणारी प्रेक्षकांची रीघ फाल्गुन सरता सरता ओसरते. माझे मत मात्र असे आहे की, विरळा पाहुणा शोधायला जावे ते याच दिवसांत.

पिवळा धोबी या पाहुण्या पाखराचेच पाहा. थंडीत त्याच्या निरनिराळ्या उपजाती इतक्या फिकट आणि एकसारख्या असतात की जाणत्याचीही मती गुंग व्हावी. परंतु परतीच्या प्रवासापूर्वी जुनी पिसे झडून नवी येतात, आणि नरांची मस्तके आपापल्या मुलखाचा दाखला देऊ लागतात. करड्या डोक्याचा उत्तर युरोप-सैबेरियाच्या दलदलीतला, निळसर डोक्याचा आणि शुभ्र भुवईचा कझाकस्तानाकडील गवताळ प्रदेशातला, काळ्याभोर डोक्याचा बाल्कनपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यातला.

एका चैत्रात चापडगावच्या बाजूला, पाणी ओसरलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर, गुरांच्या खुरांपाशी उडणारे किडे टिपणाऱ्या चाळीसेक धोब्यांत मला एकाचे डोके काळे दिसले. सोबत्यांना आनंद झाला. मला शंका आली, कारण सूर्य समोर असता करडे डोकेही काळे भासते. जवळ जाण्याचा मोह आम्ही आवरला. हजारो मैलांच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवणाऱ्या जिवाला वारंवार उठवणे म्हणजे त्याची शिदोरी हिसकावणे होय, आणि छायाचित्राच्या हव्यासापायी हा अपराध सर्रास घडताना पाहून मला मनस्वी दुःख होते. आम्ही वळसा घालून, सूर्य पाठीशी घेऊन, बांधाआड दीड तास बसलो. अखेरीस पाखरू मान वळवून उभे राहिले: काळा रंग कपाळापासून मानेच्या मागपर्यंत सलग उतरलेला, भुवईची रेघ नाही, आणि त्याखाली हळदीसारखे झळझळीत पोट. मग कोठे वहीत नोंद केली: काळ्या डोक्याचा पिवळा धोबी, नर, एक.

त्या दीड तासात आम्ही बाकीचे सारे धोबीही न्याहाळले होते. ते न्याहाळले नसते, तर या एकाचे वेगळेपण डोळ्यांत भरलेच नसते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो, तेव्हा थवा निघून गेला होता. खुरांच्या खळग्यांत पाणी साचले होते, आणि बारमाही तेथेच राहणारी टिटवी त्या ओल्या चिखलावरून एकटीच चालत होती.