राखी पिल्लू आणि प्रयोगशाळेचा दाखला



जगतपुऱ्यात सायंकाळी फिरावयास निघावे, तर कुणाच्या ना कुणाच्या हाती साखळी आणि पुढे लॅब्राडॉर, हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. त्यांतच ‘सिल्व्हर’ म्हणून विकले जाणारे रुपेरी, राखी पिल्लू असते. लॅब्राडॉरचे मान्य रंग काळा, पिवळा व चॉकलेटी हे तीनच. परंतु या चौथ्यासाठी विक्रेते जादा किंमत सांगतात आणि सोबत प्रयोगशाळेचा दाखला देतात. मी पशुवैद्य नव्हे, साधा बी. ए. आहे. मात्र सरकारी नोकरीत कागद वाचण्यात जन्म गेला, त्यामुळे दाखल्यात काय लिहिलेले नाही हे आधी पाहतो.

कुत्र्याच्या पंचविसाव्या गुणसूत्रावर एमएलपीएच नावाचे जनुक आहे. रंगकण पेशीत सर्वत्र पोहोचविण्यास लागणारे एक प्रथिन त्यावरून घडते. जनुक सदोष असले की रंग तयार होतो, पण त्याचे पुंजके होऊन बसतात; मग काळा केस निळसर राखी आणि चॉकलेटी केस रुपेरी भासतो. गुण अप्रभावी असल्याने आई व बाप दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. म्हणूनच दोन गडद वाहकांच्या पोटी सरासरी चारांत एक फिके पिल्लू निघते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, तो याच्या शोधासाठी. दोषाचा पहिला प्रकार २००७ साली प्रसिद्ध झाला, आणखी दोन २०१८ व २०२० मध्ये. तेव्हा जुना ‘निर्दोष’ दाखला फक्त पहिल्या प्रकारापुरता समजावा.

आता न लिहिलेला भाग. फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांच्या दरम्यान पाठीवर विरळ होऊ लागतात, कातडीला खपल्या व पुरळ येतात. औषधाने त्रास हलका होतो. व्याधी जात नाही. निळसर डॉबरमन यास फार बळी पडतो. उलट वायमारानर जातीची कुत्री फिकीच असतात, तरी त्यांचे केस सहसा शाबूत राहतात. अर्थात चाचणी रंग सांगते, केस टिकतील की नाही हे सांगत नाही. आणि विक्रेता नेमकी हीच दोन वाक्ये एक करून वाचतो!

मात्र वाहक कुत्रे सरसकट बाद करणेही शहाणपणाचे नाही. घोरपडे घराण्याने जोपासलेल्या मुधोळ शिकारी कुत्र्यासारख्या मोजक्या संख्येच्या जातींत तर अशा छाटणीने रक्तसंबंध आणखी जवळचे होतील. वाहकाची जोडी निर्दोषाशी लावली की फिके पिल्लू होतच नाही. चाचणीचा खरा उपयोग तो हा.

घेणाऱ्याने आईबापांच्या पाठीचे केस डोळ्यांनी पाहावेत. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, हेही विचारून घ्यावे. पिल्लू घरी आलेलेच असेल, तर मे महिन्यातील जयपूरच्या दुपारी त्यास गच्चीवर बांधू नये; विरळ केसांखालची कातडी ते ऊन सोसत नाही.